गाईच्या पोटातील अदृश्य संसार

दावणीची गाय कडबा खाते, असे सर्रास म्हटले जाते. शास्त्रदृष्ट्या ते अर्धसत्य होय. कडब्यातील सेल्युलोज पचविणारा पाचकरस गाईच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम तिच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या व सर्वांत मोठ्या पोटात, वास करणारे असंख्य जीवाणू, आदिजीव व कवके करतात. रवंथाने बारीक झालेला चारा तेथे आंबतो आणि त्यातून निघणारी मेदाम्ले रक्तात शोषली जातात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग याच मार्गाने मिळतो.

आंबण्याच्या या क्रियेत हायड्रोजन निर्माण होतो. तो साचला तर पचनच मंदावेल. म्हणून सूक्ष्मजीवांचा आणखी एक वर्ग कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग घडवून मिथेन तयार करतो व गाय तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर टाकते. निसर्गाची ही सोय फुकटची नाही. चाऱ्यातील एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. पशुपालकाने पैसे मोजून आणलेलाच हा चारा असतो! शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवितो. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई-बैल १९ कोटींहून अधिक व म्हशी सुमारे ११ कोटी होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्नाची व्याप्ती कळते.

निव्वळ वाळल्या वैरणीवर मिथेन अधिक व दूध कमी, असा दुहेरी तोटा होतो. धान्य वाढविल्यास मिथेन घटतो खरा. परंतु त्यालाही मर्यादा आहे. पोळ्याला बैलाला कौतुकाने पुरणपोळ्या चारल्या जातात. त्यांचा अतिरेक झाला की कोटीपोटात आम्ल झपाट्याने वाढते, उपयुक्त जीवाणू मरतात व प्रसंगी जनावरही दगावते. खाद्यातील कोणताही बदल म्हणूनच हळूहळू, दहा-पंधरा दिवसांत करावयाचा असतो.

कडब्याची कुट्टी, जोडीला लसूणघास किंवा बरसीम हा सोपा उपाय. भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रियाही करता येते. १०० किलो पेंढ्यास ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा व पेंढा २१ दिवस हवाबंद झाकावा. पेंढा मऊ होतो आणि युरियातील नत्रापासून जीवाणू स्वतःसाठी प्रथिने बनवितात. पुढे तीच प्रथिने गाईच्या उपयोगी पडतात. सहा महिन्यांखालील वासरांना मात्र हा चारा देऊ नये. त्यांच्या पोटातील हा संसार तोवर पुरता उभा राहिलेला नसतो.