पुस्तकाचा सातबारा



नाशिकजवळ देवळाली कॅम्पात लॅम रोडने गेलात, की झाडीत मागे सरकून उभे असलेले जुने बंगले दिसतात. मुंबईच्या पारशी, गुजराती कुटुंबांनी हवापालटासाठी बांधलेले. असा बंगला विकायचा म्हटलं, की वकील कागद न् कागद तपासतो. दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटाला मात्र कोणी वाली नसतो. ते वजनावर जातं.

खरं तर जमिनीसारखा जुन्या पुस्तकालाही सातबारा असतो. पुठ्ठा उघडा आणि आतलं कोरं पान पाहा. वरच्या कोपऱ्यात तपकिरी पडलेल्या शाईत पहिल्या मालकाचं नाव. त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘सप्रेम भेट’. मग कुठल्यातरी वाचनालयाचा जांभळा शिक्का, त्यावर मारलेली काट, आणि तळाशी जुन्या बाजारातल्या विक्रेत्याने पेन्सिलीने टाकलेली किंमत. एकेक फेरफारच तो!

मालकाचं नाव कळलं की काय हाती लागतं, पाहा. मुंबईच्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं एक प्राचीन हस्तलिखित आहे. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते आणि सोसायटीने ते नाकारले, अशी हकीकत सांगतात. ऐकायला झकास आहे. पण मला त्या आकड्यापेक्षा देणाऱ्याचं नाव मोलाचं वाटतं. ते नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

हा गृहस्थ पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि वाचनवेडा होता. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा पेशव्यांच्या फौजेने संगमावरची त्याची रेसिडेन्सी जाळली. आपण ही लढाई पेशवाईच्या अखेरीची म्हणून शिकलो. त्या आगीत एका माणसाचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रंही खाक झाली, हे शाळेत कोणी सांगितलं नाही. पुढे 1819 ते 1827 तो मुंबईचा गव्हर्नर होता. निवृत्तीनंतर इंग्लंडात सरे परगण्यातल्या हुकवुड या घरी राहिला आणि 1859 मध्ये तिथेच वारला. दान्तेची प्रत त्या घरातल्या फळीवर जाऊ शकली असती. ती मुंबईत राहिली. दात्याची नोंद पुसली गेली असती, तर ही प्रत नुसती ‘जुनी आणि महागडी’ एवढीच उरली असती.

आपल्या पोथ्या लिहिणारे याबाबतीत फार जागरूक. शेवटी पुष्पिकेत शक, गाव, लेखकाचं नाव आणि पोथी कोणासाठी लिहिली, हे नोंदवायचे. वर तेलापासून, पाण्यापासून, ढिल्या बांधणीपासून तिला सांभाळा, अशी विनवणीही करायचे.

आज घात होतो तो बाइंडिंग करताना. कसर लागली म्हणून पहिलं पान काढून टाकतात आणि सातबाराच जातो.

तेव्हा कॅम्पातल्या, नाशिकातल्या मंडळींना सांगणं एवढंच: कपाट रिकामं करण्याआधी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं पान उघडा, मोबाइलवर फोटो काढा. 1840 पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय नाशकातच आहे; रद्दीवाल्याला बोलावण्याआधी तिथे विचारा. आणि आजोबांचं नाव बाजारात कशाला, म्हणून ते पान ब्लेडने कापू नका. नाव राहू द्या.