वसंताचा दोरा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. ज्याचे आयुष्य शाळेतील फळ्यासमोर गेले, त्याच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करणार नाही. म्हणून आज एका साध्या दोऱ्याची हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

युरोपच्या आग्नेय भागात, काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यास बल्गेरिया नावाचा देश आहे. तेथे १ मार्च रोजी आप्तेष्ट परस्परांस तांबड्या व पांढऱ्या धाग्यांचा पीळ देऊन केलेला दोरा देतात आणि मनगटावर किंवा छातीवर धारण करतात. त्यास ‘मार्तेनित्सा’ म्हणतात. मार्च महिना ही त्यांच्या कल्पनेने एक वृद्धा आहे. तिचे नाव ‘बाबा मार्ता’. बालमित्रांनी हसू नये. त्यांच्या भाषेत ‘बाबा’ म्हणजे आजी! ही आजी मोठी लहरी. हसली तर ऊन, रागावली तर पुन्हा हिमवर्षाव. तिची मर्जी राखण्याकरिता हा दोरा. पांढरा रंग निर्मळपणाचा व दीर्घायुष्याचा आणि तांबडा रक्ताचा, आरोग्याचा, असे तेथील लोक सांगतात. पूर्वी घरच्या स्त्रिया लोकरीचे दोरे वळून ते मुलाबाळांना तर बांधीतच, पण कोकरांना आणि फळझाडांनाही बांधीत.

या व्रताची सांगता मात्र पंचांग ठरवीत नाही. आफ्रिकेत हिवाळा काढून परतणारा पांढरा करकोचा अथवा पाकोळी दृष्टीस पडली, किंवा मोहरलेले झाड दिसले, की दोरा सोडावयाचा आणि बहुधा एखाद्या झाडाच्या फांदीला बांधावयाचा. म्हणजे दोरा धारण करणाऱ्यास रोज मान वर करून आकाशाकडे व झाडांकडे पाहावेच लागते. निसर्गनिरीक्षणाचा असा पाठ आम्हांस कोणत्याही क्रमिक पुस्तकात आढळला नाही.

शेजारच्या रुमानियात व मोल्दोव्हात यासच ‘मार्त्सिशोर’ म्हणतात. तेथे दोऱ्यास एखादे चिमुकले पदक जोडतात. उत्तर मॅसिडोनियातही ही चाल आहे. या चार देशांनी मिळून केलेल्या विनंतीवरून युनेस्कोने २०१७ साली तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. सीमेवरून तंटणारी राष्ट्रे जगात पुष्कळ आहेत. एका दोऱ्यावर एकाचाच हक्क न सांगता तो चौघांचा म्हणून मांडणारी राष्ट्रे विरळा.

हे ऐकून ‘ही चाल मूळची आपलीच, येथूनच तिकडे गेली’ असे म्हणण्याचा मोह कोणास होईल. त्यास पुरावा नाही, आणि शेजाऱ्याचे चांगले ते आपले ठरविल्यावाचून आपणांस त्याचा आनंद होऊ नये, हे बरे नव्हे. मात्र साम्य पाहण्यास हरकत नाही. गुढीपाडव्यास आपण मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घालतो. अनंतचतुर्दशीस चौदा गाठींचा दोरा बांधतो. पांढऱ्या कापसाच्या वस्त्रांना तांबडे कुंकू लावून ती देवास वाहतो. माणूस कोठलाही असो, ज्याच्यावर माया आहे त्यास काहीतरी बांधावे असे त्यास वाटते.

आता दोऱ्याचे शास्त्र. दोन धाग्यांची टोके दोघांनी धरून उलटसुलट दिशांस पीळ द्यावा. धागा ताठ झाला की मध्यावर दुमडून सोडावा. मोकळा होऊ पाहणारा पीळच दोन्ही पदरांस एकमेकांभोवती गुंडाळतो. गोंद नको, यंत्र नको. मात्र धरावयास दुसरा हात हवा. एकट्याने हे काम नीट होत नाही.

आमचे सांगणे येथेच आहे. बल्गेरियातही आज पुष्कळसे दोरे बाजारातून येतात. आपल्याही राख्या व वाती पुडीत मिळतात. विकत घेण्यात पाप नाही. परंतु विकतच्या राखीत तो दुसरा हात नसतो. आपली कुटुंबे मुंबई, पुणे आणि परदेशीही विखुरली आहेत. नातवंडे आजीस वर्षातून चार दिवस भेटतात आणि त्या चार दिवसांत दोघांनी मिळून करावयाचे काम उरलेले नाही. ज्या बोटांना वाती वळण्याचे व वस्त्रे करण्याचे ज्ञान आहे, ती बोटे आज सत्तरीच्या पुढची आहेत. ती थांबली म्हणजे ते ज्ञान कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. येत्या श्रावणात राखीपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी सभागृहात सूत व रेशीम ठेवावे. एका टोकास आजी बसावी, दुसऱ्या टोकास नातवंड. खर्च अल्प आहे. वर्गणी वाढविण्याचे कारण नाही. राख्या वाकड्यातिकड्या झाल्या तरी चालतील.