नव्वदीतील बळ

उतारवयात भार उचलू नये, ही समजूत घरोघरी दृढ आहे. वृद्ध स्त्रीच्या हातची तर भरली कळशीही मायेने काढून घेतली जाते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टन येथील प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल स्त्रीपुरुषांस आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम देण्यात आला. भार नाममात्र नव्हता. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत तो नेला. नऊ जणांनी क्रम पुरा केला. त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांच्या हातची काठी सुटली. शिक्षकाची चूक बहुधा दयेपोटीच होते: तो भार वाढवीतच नाही. पुढे व्यायाम थांबला, आणि चार आठवड्यांतच ते बळ ३२ टक्क्यांनी घटले.