सेंद्रिय सौरघट : प्रश्न टिकाऊपणाचा

सौरघटाची माहिती घेताना त्याची कार्यक्षमता किती, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तो आवश्यकच आहे. परंतु तो अर्धाच प्रश्न होय. ती कार्यक्षमता किती काळ टिकणार, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. सेंद्रिय सौरघटांचे भवितव्य तर या दुसऱ्या भागावरच अवलंबून आहे.

सेंद्रिय म्हटले की खतांची आठवण होते. येथे त्या शब्दाचा अर्थ एवढाच की, या घटात सिलिकॉनऐवजी कार्बनयुक्त रंगद्रव्ये व पॉलिमर प्रकाश शोषून घेतात. १९८६ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ चिंग टँग यांनी अशा दोन द्रव्यांचे थर एकावर एक देऊन तयार केलेल्या घटाची माहिती प्रसिद्ध केली. त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. आज प्रयोगशाळेतील लहान घटांची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या घरात गेली आहे. शिवाय ही द्रव्ये शाईप्रमाणे विरघळवून प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर छापता येतात. असा घट वजनाला हलका असतो व वाकवताही येतो.

मग तो घरोघरी का दिसत नाही? कारण तो लवकर झिजतो. हवेतील प्राणवायू व बाष्प आत शिरले की प्रकाशाच्या साहाय्याने रेणूंचे विघटन सुरू होते आणि धातूचे अग्र गंजू लागते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रेणूंतील बंध तोडतात. यांखेरीज एक शत्रू घटाच्या आतच असतो. वीज निर्माण होण्यासाठी दोन द्रव्यांचे अतिशय सूक्ष्म मिश्रण लागते. मधात कालांतराने साखरेचे दाणे धरावेत, त्याप्रमाणे ही द्रव्ये हळूहळू एकमेकांपासून अलग होतात. उष्णतेने ही क्रिया वेगावते आणि घटाची शक्ती घटते.

यावरील उपायही त्या त्या कारणाला धरूनच योजले जातात. बाष्प रोखण्यासाठी घट काचेत किंवा अभेद्य आवरणात बंद करतात. थरांचा क्रम उलटा करून वरच्या बाजूस लवकर गंजणाऱ्या धातूऐवजी चांदी वापरतात. अतिनील किरण गाळणारा पडदा लावतात. कित्येक घटांत वापरला जाणारा झिंक ऑक्साइडचा थर अतिनील प्रकाशात शेजारच्याच रेणूंचे विघटन घडवून आणतो, असे आढळले आहे. म्हणून त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक पातळ संरक्षक थर देतात. मिश्रण विभक्त होऊ नये यासाठी सहज न हलणारे, अधिक मोठे रेणू तयार केले जात आहेत.

हे उपाय कितपत यशस्वी झाले, हे ठरविण्यास समान मोजमाप हवे. २०११ साली अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन चाचण्यांच्या समान पद्धती प्रसिद्ध केल्या. अंधार, कृत्रिम प्रकाश, उघडे ऊन, उष्णता व आर्द्रता अशा निरनिराळ्या परिस्थितींत घट तपासला जातो. कार्यक्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येण्यास लागलेला काळ हे त्याच्या आयुष्याचे एक रूढ माप आहे. तुलनेसाठी पाहावयाचे तर सिलिकॉनच्या पॅनेलांना ८५ अंश सेल्सिअस तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास काढावे लागतात. त्यांची हमी बहुधा २५ वर्षांची असते.

म्हणून अमुक इतकी वर्षे टिकणारा घट, असा दावा वाचनात आला तर तो बारकाईने तपासला पाहिजे. ती वर्षे प्रत्यक्ष मोजलेली आहेत की काही तासांच्या चाचणीवरून काढलेला तो अंदाज आहे? चाचणी नखाएवढ्या घटाची होती की पूर्ण पॅनेलची? ती कोरड्या, बंदिस्त हवेत झाली की दमट हवेत? कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील उन्हाळा या दोहोंना जे साधन पुरून उरेल, तेच ग्रामपंचायतीच्या छपरावर शोभेल. सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रश्न कार्यक्षमतेच्या आकड्याइतक्याच आग्रहाने विचारले, तर नव्या तंत्राचा लाभही होईल आणि फसगतही टळेल.