वातरक्त : ‘श्रीमंतांचा रोग’ आता साऱ्यांच्या दारी



रात्री धडधाकट निजलेला माणूस पहाटे पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने जागा होतो. सांधा लाल, तप्त, सुजलेला. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. अमरावती-अकोल्याच्या घराघरांत ‘वात आला’ म्हणून दुकानातील वेदनाशामक गोळीवर भागविले जाते. दुखणे निवते, रोग राहतो. अशा गोळ्यांच्या अतिरेकाने मूत्रपिंडास मात्र इजा होते.

या व्याधीशी पुष्कळ जुळणारे वर्णन आपल्या आचार्यांनी करून ठेवले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘वातशोणित’ हा स्वतंत्र अध्याय आहे. सुखासीन माणसास जडणारा म्हणून ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंतांचा वात, हे त्याचे आणखी एक नाव. पायापासून निघून तो उंदराच्या विषाप्रमाणे देहभर पसरतो, असे सुश्रुताचे निरीक्षण. आधुनिक शास्त्रानुसार रक्तात युरिक आम्ल वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि दाह उसळतो.

निदानात घाई नको. ऐन दुखण्यात रक्तातील आकडा प्राकृतही येऊ शकतो; म्हणून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे. सांध्यातील द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसणे हा खरा पुरावा. उलट, केवळ आकडा वाढला, त्रास काहीच नाही, तर तो हा रोग नव्हे. सूजेसोबत थंडी-ताप असल्यास जंतुसंसर्गाची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

उपचार दुहेरी आहेत. प्रथम दाह शमविणे. त्यासाठी कोल्चिसिनसारखी औषधे आहेत. हेच द्रव्य पावसाळ्यात रानोमाळ फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असते. परंतु तो कंद प्राणघातक असल्याने घरगुती प्रयोग कटाक्षाने टाळावा. पुढे, वारंवार त्रास होणाऱ्यांस अ‍ॅलोप्युरिनॉल अल्प मात्रेत आरंभून आकडा ६ मिलिग्रॅमच्या खाली आणतात. अंगावर पुरळ उठल्यास ते थांबवून डॉक्टरांना दाखवावे. एरवी, दुखणे थांबले म्हणून औषध सोडू नये.

तुरीचे आगर असलेल्या वऱ्हाडात रुग्णाचे वरण प्रथम बंद होते! सुमारे ४७ हजार पुरुषांच्या, १२ वर्षे चाललेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मांस-मासळीने धोका वाढल्याचे, वनस्पतिजन्य प्युरिनांनी न वाढल्याचे, तर कमी स्निग्धांशाच्या दुधा-दह्याने घटल्याचे दिसले. तेव्हा वरण-भात बेताने सुखेनैव घ्यावा. मद्य आणि बाटलीबंद गोड पेये वर्ज्य करावीत. अकोल्याच्या उन्हाळ्यात पाणी विसरू नये.

अखंड प्रवास, अवेळी भोजन आणि यजमानांचा आग्रह हा कार्यकर्त्याचा नित्यक्रम. कार्यासाठी पाय धडधाकट हवेत. म्हणून आग्रहाच्या दुसऱ्या वाढीस विनयाने नकार देणे, हेही कर्तव्यच होय.