चित्रातली बाई, लावणीतली बाई

(बिलोली येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



माळेगावची खंडोबाची जत्रा जवळ आली की आपल्यात वाद ठरलेला. तिथल्या लावणी महोत्सवाला विरोध करायचा का? काहीजणी म्हणतात, बाईचं प्रदर्शन आहे, बंद करा. काहीजणी म्हणतात, लोककला आहे, जपा. आज त्यावर बोलायचंय, पण आधी जरा लांबून, जपानवरून येऊ.

एदो म्हणजे आजचं टोकियो. तिथं १६१७ साली सरकारी परवान्यानं योशिवारा नावाची वेश्यावस्ती बसवली. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर ती शहराच्या कडेला हलवली. भोवती पाण्याचा चर, जायला-यायला एकच वेस. तिथल्या बायकांची चित्रं लाकडी ठशांनी छापून स्वस्तात विकत. या चित्रांना उकियो-ए म्हणतात, म्हणजे तरंगत्या जगाची चित्रं. उतामारो हा त्यातला नामांकित चित्रकार. चित्रं देखणी आहेत, मला स्वतःला आवडतात. पण त्यातली पोरगी तिथं आली कशी? गरीब आईबापांनी उचल घेतली आणि तिला करारानं दिलं. उचल म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायकांना सांगायला नको. वर तिचे कपडे, अंथरूण, सगळं तिच्याच खात्यावर. मेलेल्या कितीतरी जणींना जवळच्या जोकान-जी देवळात बेवारस नेऊन टाकलं. हे गिऱ्हाइकाला विकायच्या चित्रात कसं येणार?

त्याच सुमारास, उत्तर पेशवाईत, आपल्याकडं लावणी बहरली. रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर. रचणारे पुरुष, आणि बोलते कोण? बाई. सदा आतुर, सदा वाट बघणारी. आणि त्याच राज्यात व्यभिचाराचा ठपका ठेवून बायकांना कुणबिणी केलं जात होतं, त्यांची खरेदी-विक्री होत होती. शर्मिला रेगे यांनी लावणीच्या अभ्यासात या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. बाई मुळातच आतुर ठरली की तिला विकत कुणी घेतलं, हे विचारायला नको!

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कोल्हाटी समाजात नाचणाऱ्या मुलीचं लग्न नाही, तिच्या कमाईवर घर चालणार. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये लिहिलं, नावात आईचं नाव लावून. विठाबाई नारायणगावकर तर तमाशा चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. हा किस्सा आपण कौतुकानं सांगतो. त्या रात्री त्यांना थांबता का आलं नाही, हे कुणी विचारत नाही. त्याच विठाबाई २००२ साली हलाखीत गेल्या.

म्हणून अश्लील की कला, या वादात मला रस उरलेला नाही. बंदी आली तर उपाशी राहणार ती नाचणारी. उचल देणाऱ्याचं काय बिघडणार? मला विचारायचंय ते असं: उचल कुणाच्या नावावर आहे? दौलतजाद्यातला वाटा कुणाला जातो? आजारपणात पैसे कोण देतं? लेकराच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या रकान्यात काय लिहितात?

यंदा मोर्चा न नेता आपण पाच-सहा जणी मागच्या राहुट्यांत जाऊन बसू. दुपारी जाऊ, रात्री त्यांना बोलायला सवड नसते. ज्यांना यायचंय त्यांनी आजच नाव द्या, गाडी सांगावी लागेल.