वृद्धाश्रम पाहायला जाताना

गटाच्या बैठकीत आपण कर्जाचं बोलतो, हप्त्याचं बोलतो, शेळ्यांचं बोलतो. आजचा विषय मात्र निघाला की सगळ्या गप्प होतात. विषय आहे वृद्धाश्रमाचा.

आमच्या गटातल्या एका आक्कांना मूलबाळ नाही. वय सत्तरीच्या पुढं. त्या अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण एकटीनं उठबस होईना. दोन महिने आम्ही पाळीपाळीनं जेवण दिलं, अंघोळ घातली. सुगी सुरू झाली, तसं रात्री थांबायला कुणी मिळेना. शेवटी आक्काच म्हणाल्या, "चांगली जागा बघा, मी जाते." आता चांगली जागा ओळखायची कशी? आम्ही दोन आश्रम पाहिले. तिथं काय बघितलं, काय विचारलं, ते तुम्हाला सांगतो.

पहिल्या ठिकाणी नवा रंग, अंगणात देऊळ, मोठा टीव्ही. बघून बरं वाटलं. पण खाटांजवळ पाण्याचा एकही तांब्या नव्हता. एका आजींना विचारलं, तर हळूच म्हणाल्या, "पाणी प्यालं की रात्री उठावं लागतं. उठवायला कुणी येत नाही. म्हणून पीतच नाही." आम्ही तिथूनच माघारी फिरलो.

म्हातारपणी तहान कमी लागते. त्यात मुद्दाम पाणी तोडलं, तर जीभ कोरडी पडते, लघवी गडद पिवळी होते, जळजळ होते. काही जण अचानक असंबद्ध बोलायला लागतात. मग आपण म्हणतो, वयानं भ्रमिष्ट झाली. त्यामुळं आश्रमात गेलात की आधी बघा, पाणी हाताला येईल असं ठेवलंय का. डॉक्टरांनी कुणाला पाणी बेतानं प्यायला सांगितलं असेल, तर तेही तिथल्या मावश्यांना माहीत हवं.

दुसरा प्रश्न रात्रीचा. दिवसा चार माणसं दिसतात, रात्री किती असतात? किती जणांमागं एक? हाक मारली तर ऐकू जाते का? सांभाळणाऱ्या मावश्या आपल्यासारख्याच बायका. एकटीवर तीस माणसं टाकली, तर ती कितीही मायाळू असली तरी काय करणार? त्यांना पगार वेळेवर मिळतो का, सुट्टी मिळते का, हेही विचारा. थकलेल्या हातून नीट सेवा होत नाही.

तिसरी गोष्ट पाठीची. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा इथली कातडी दबून जखम होते. जखम एकदा खोल गेली की महिनोन्‌महिने भरत नाही. सुरुवातीला नुसता लाल डाग दिसतो आणि बोटानं दाबला तरी फिका होत नाही. सावळ्या अंगावर लाली कळत नाही; तिथं कातडी काळपट, गरम किंवा कडक लागते. अशा जागी तेल लावून चोळू नका, जखम वाढते. त्या जागेवरचा भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा. बिछाना किंवा डायपर ओला राहिला तरी कातडी लवकर जाते. म्हणून भेटायला गेल्यावर गप्पा मारता मारता पाठ, टाचा बघायच्या. आपलीच माणसं आहेत, लाजायचं काय?

बाकीचं भराभर सांगतो. संडासात धरायला दांडी हवी, फरशी घसरडी नको. नखं कापलेली हवीत. ज्यांना दात नाहीत, त्यांना भाकरी कुस्करून मिळते का बघा. चष्मा आणि कवळी ज्याची त्यालाच मिळते का, तेही बघा. गोळ्यांची नोंद वही हवी. सगळेच भर दिवसा गुंगीत दिसले किंवा कुणाचे हात खाटेला बांधलेले दिसले, तर जाब विचारा. पैसे भराल त्याची पावती घ्या. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुणाला फोन करायचा, हे लिहून द्या.

दुसऱ्या आश्रमाची फरशी जुनी होती, पण खाटेशी तांब्या होता आणि कूस बदलल्याची वेळ लिहिलेला कागद भिंतीवर होता. आक्का तिथं राहिल्या. आमच्यातली एक जण दर आठवड्याला जाते, वेळ न कळवता. एकदा टाचेवर डाग दिसला. तिथल्या मावशींना दाखवला. त्यांनी त्याच दिवशी पोटरीखाली उशी दिली, टाच अधांतरी ठेवली. डाग गेला. ज्या खाटेला भेटायला कुणी येत नाही, तिथला डाग कोण बघणार?

शेवटी कायद्याचं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 सालचा आहे. 60 वर्षांवरच्या माणसाला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर तो मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतो. मूलबाळ नसेल, तर ज्या नातेवाइकाकडं त्याची मालमत्ता आहे किंवा पुढं वारसानं जाणार आहे, त्याच्याकडून मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. आणि 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन नंबर आहे. आश्रमात हाल होत असतील, तर तिथं सांगा. भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

मैत्रिणींनो, आपल्या गावचं कुणी आश्रमात असेल, तर पुढच्या बैठकीत नाव काढा आणि भेटीची पाळी लावा. जाताना फळं न्या, पण हात धुऊन पाठही बघा. येते आता. नमस्कार.